ओट्याच्या कडेला मोल्डिंग कुठलं मारायचं? मेस्त्री सोमवारी विचारणार!

पातोळी
नमस्कार मंडळी. डिचोलीला घराचं काम चाललंय, एकदाचे किचनपर्यंत पोचलोय. ओट्याला जेट ब्लॅक ग्रॅनाइट घेतला, स्लॅब येऊन अंगणात माडाला टेकवून ठेवलेत (मेस्त्रीला म्हटलं अरे माडाला काय टेकवतोस, वरून नारळ पडला तर? हसला नुसता). माप झालं, एल आकाराचा ओटा, एक बाजू साडेआठ फूट आणि दुसरी सहा. आता तो विचारतो "भाभी, मोल्डिंग कौनसा?" मला वाटायचं कड म्हणजे कड, त्यात विचारायचं काय, तर त्याने मोबाइलवर चौदा फोटो दाखवले.

घरात तीन माणसं आणि तीन मतं. मला सरळ, धारदार दिसणारी कड हवी, हल्ली सगळीकडे असते तशी. नवऱ्याला खाली डबल पट्टी चिकटवून जाडजूड गोल हवी, "दिसायला वजन पाहिजे" म्हणे. सासूबाई म्हणतात कसलंही करा पण भांडी घासताना पाणी पोटावर येता कामा नये, त्यांना कडेला उभी पट्टी हवी, जुन्या घरी सिमेंटच्या ओट्याला होती तशी. पाऊस लागायच्या आत राहायला जायचंय आणि सोमवारी उत्तर द्यायचंय. तुमच्याकडे काय आहे आणि पस्तावलात का ते सांगा.

तिसऱ्यो
सासूबाईंचं ऐका. धागा संपला.

मांडवीपल्याड
तिसऱ्योशी सहमत. स्वतःच्या घरात शांतता हवी असेल तर मोल्डिंग सासूबाईंचं, टाइल नवऱ्याची आणि बिल तुमचं.

भिरंडसाल
पातोळी, माझी सरळ कड आहे, फोंड्याला, चार वर्षं झाली. फोटोत झकास दिसते. मेस्त्रीने अगदी काटकोन ठेवला होता कारण मीच सांगितलं होतं तसं. पहिल्या चवथीलाच कुकर उतरवताना बुड आपटलं आणि सिंकच्या डाव्या हाताला मसुराएवढी कपची उडाली. आता तीन झाल्यात. काळ्या दगडावर कपची उडाली की आत करडं दिसतं, लांबून कळत नाही पण माझं बोट रोज बरोब्बर तिथेच जातं, पडलेल्या दातावर जीभ जाते ना तसं.

आणि एक कपची कशाने गेली ते सांगायची लाज वाटते. आमचे हे. कोयता सापडेना म्हणून नारळ ओट्याच्या कडेवर फोडला.

घाटपल्याड
नारळ फुटला का पण?

भिरंडसाल
फुटला. पाणी सगळं ड्रॉवरमध्ये.

चिरेबंदी
साइटवर सुपरवायझर म्हणून बरीच वर्षं काढलीत, ओटे शेकड्याने बसवून घेतलेत, म्हणून जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

भिरंडसालबाय, तुमची कड सरळ होती हा दोष नव्हे, तिची धार मारलेली नव्हती हा दोष. दगडाचा काटकोन कधीही तसाच सोडायचा नसतो. वरच्या आणि खालच्या धारेला दोन-तीन मिलीमीटरचा चॅम्फर (तिरका छेद) नाहीतर तेवढीच गोलाई द्यायची. लांबून सरळच दिसते पण धार मेलेली असते. ग्रॅनाइट कडक असतो म्हणूनच कपची उडते, तो वाकत नाही ना, पातळ टोकावर दणका बसला की तुटतो. टोक जितकं जाड किंवा गोल तितका दणका पसरतो, एवढंच गणित.

आता प्रकार. तुमच्या मेस्त्रीने चौदा दाखवले असतील पण आपल्याकडे खरे चालतात ते चार. एक हे सरळ, धार मारलेलं. दोन हाफ राउंड, म्हणजे वर गोल आणि खाली काटकोन. तीन फुल राउंड, वरून खालून दोन्हीकडे गोल, बाजूने पाहिलं तर खायचा पाव अर्धा कापल्यासारखं. चार डबल पट्टी, अठरा-वीस मिलीचा दगड असतो त्याला खालून त्याच दगडाची दोन-तीन इंच रुंद पट्टी चिकटवायची म्हणजे कड दुप्पट जाड दिसते, मग तिला हवा तो आकार द्या. उरलेले दहा म्हणजे लाटा आणि नागमोडी नक्षी. ती हॉलमधल्या टेबलाला ठीक आहे. ओट्याला केलीत तर त्या खोबणीतलं वाळलेलं पीठ आणि हळद टूथब्रशने काढत बसाल.

नावांवर मात्र जाऊ नका. एकाचा हाफ राउंड तो दुसऱ्याचा फुल. मेस्त्रीला तुकड्यावर करून दाखवायला सांगा.

आबोली_मडगाव
फुल राउंड घ्या गो, डोळे झाकून. माझ्याकडे बारा वर्षं आहे, एक कपची नाही, मुलं दोन्ही त्या ओट्याखाली मोठी झाली, डोकी आपटली पण फुटली नाहीत. हात फिरवला की लोण्यासारखा लागतो.

चिरेबंदी
कपची उडणार नाही हे खरं, पण बाय एक विचारतो, तुमच्या सिंकखालच्या कपाटाचा दरवाजा कसा आहे?

आबोली_मडगाव
फुगलाय. दोनदा बदलला. पण तो प्लायच भिकार होता, दुकानदाराने फसवलं.

चिरेबंदी
प्लाय असेलही भिकार. पण कड पूर्ण गोल असली की पाण्याला सुटायला जागाच मिळत नाही. ते दगडाला धरून गोलावरून खाली जातं, पोटाखालून आत सरकतं आणि थेट कपाटाच्या वरच्या कडेवर उतरतं. किटलीतून हळू चहा ओतताना तो तोटीच्या खालून किटलीच्या पोटावर ओघळतो की नाही, तसंच. खाली काटकोन असला की पाणी त्या धारेपाशी सुटतं आणि लादीवर पडतं. म्हणून माझं मत हाफ राउंड. वर हाताला गोल, खाली पाण्याला धार.

आबोली_मडगाव
बारा वर्षं मी त्या प्लायवाल्याला शिव्या घालतेय हो!!

तिसऱ्यो
शिव्या परत घेता येत नाहीत, अर्ध्या मेस्त्रीकडे वळवा.

मांडवीपल्याड
पण चिरेबंदी, आमच्याकडे हाफ राउंडच आहे (पर्वरी, फ्लॅट बिल्डरने दिलेला) तरी पाणी आत जातं. मग?

चिरेबंदी
दोन शक्यता. ओटा कपाटाच्या पुढे किती आलाय ते बघा, निदान एक इंच तरी यायला हवा, दीड असला तर उत्तम. बिल्डरच्या कामात कपाट नंतर बसतं आणि सुतार शटर दगडाच्या तोंडापर्यंत आणून ठेवतो, मग कड कुठलीही असो. दुसरं म्हणजे पाणी थेंब-थेंब हळू येत असेल तर काटकोनालाही चिकटून थोडं आत जातं. त्याला उपाय खाच. दगडाच्या खालच्या अंगाला, कडेपासून बोटभर आत, कटरच्या पात्याने तीन-चार मिली खोल रेघ मारून घ्यायची. खिडकीच्या छज्जाला खालून पाणी तोडायला खाच ठेवतात, तीच. पाणी तिथवर येतं आणि थेंब होऊन पडतं. ओटा बसवायच्या आधी दहा मिनिटांचं काम, बसल्यावर कोणी करून देत नाही.

फक्त सिंकच्या समोर जपून. तिथे कापलेल्या भोकाच्या पुढे तीनेक इंचाची पट्टी उरते, अख्ख्या ओट्यातली सगळ्यात कमजोर जागा, स्लॅब उचलताना तडा गेला तर तिथेच जातो. तिथे खाच मारायचीच तर उथळ.

रिटायर्ड_मास्तर
आमच्या लहानपणी ही चर्चा झाली नसती. चूल जमिनीवर, आडोळी (विळी) जमिनीवर, रगडो (वाटायचा दगड) जमिनीत पुरलेला, आई पाटावर बसलेली. पाणी सांडलं तर जमीन पिऊन टाकायची. उभ्याने रांधायला लागलो आणि पोट भिजायला लागलं.

घाटपल्याड
मास्तर, त्या काळी गुडघ्यांचा धागा निघाला असता.

रिटायर्ड_मास्तर
तो आता निघेल. बसून वाढलेल्यांचे गुडघे उभ्यांपेक्षा बरे आहेत.

भिरंडसाल
मास्तर बसणारी आई होती, तुम्ही नव्हे. तिच्या गुडघ्यांना विचारलंत का कधी?

रिटायर्ड_मास्तर
…नाही विचारलं.

घाटपल्याड
मूळ मुद्द्यावर. वास्कोला नोकरीला आहे, भाड्याच्या घरात कडाप्प्याचा ओटा आहे. कडेला काही मोल्डिंग नाही, नुसता कापलेला, त्यावर हात घासून गुळगुळीत झालाय. चालतो की. एवढा खर्च कशाला? रनिंग फुटाला पैसे मोजायचे आणि वर धागाही काढायचा.

जांभा_दगड
कडाप्पा म्हणजे चुनखडीचा दगड हो, म्हणून तो हाताने घासून गुळगुळीत झाला. मऊ असतो. त्यावर सोलं (आमसुलं) किंवा चिंचेचा कोळ रात्रभर राहिला तर सकाळी पांढरट डाग, कारण आंबट त्याला खातं. संगमरवराचंही तेच. गोव्याच्या स्वयंपाकघरात भिरंड (कोकम), चिंच, व्हिनेगर, लिंबू यांच्याशिवाय पान हलत नाही, तेव्हा पातोळीताईंनी काळा घेतला ते बरं केलं.

आणि शिकवायची खोड जात नाही म्हणून सांगतो, तुमचा जेट ब्लॅक हा भूशास्त्राच्या हिशेबाने ग्रॅनाइट नव्हेच. बाजारात जे जे काळं आणि कडक ते ग्रॅनाइट म्हणून विकतात, पण हे काळे दगड बहुतेक गॅब्रो किंवा डोलेराइट जातीचे. ब्लॅक गॅलेक्सी म्हणतात तो आंध्रातल्या चिमाकुर्तीचा, त्यातले चमचमणारे ठिपके ब्राँझाइट नावाच्या खनिजाचे, सोन्याचे नव्हेत, दुकानदार काहीही सांगो. आपल्या काणकोणाकडेही ग्रॅनाइट आहे, खराखुरा, पण ओट्यावर येतो तो घाटावरचा.

तिसऱ्यो
म्हणजे ओट्याचं नावही खोटं. आणखी काय काय खोटं आहे?

मांडवीपल्याड
रंग. कधी कधी करडट दगडाला काळा रंग चोपडून जेट ब्लॅक म्हणून विकतात. नखांचं पॉलिश काढायचं अॅसिटोन पांढऱ्या कापसावर घेऊन मागच्या बाजूला नको, वरच्या पॉलिशवर कोपऱ्यात घासा. कापूस काळा झाला तर समजायचं. माझा झाला होता, ओटा बसल्यानंतर दोन वर्षांनी.

चिरेबंदी
हे महत्त्वाचं आहे आणि मोल्डिंगशी याचा थेट संबंध आहे. वरचं पॉलिश फॅक्टरीतलं मशीनचं, कडेचं पॉलिश मेस्त्री हाताने ग्राइंडरला पॅड लावून करतो, आधी जाडं पॅड, मग बारीक, मग त्याहून बारीक, सात-आठ तरी बदलायचे असतात. घाईत तो तीन-चारच फिरवतो आणि वरून काळं पॉलिश चोपडतो. महिनाभर चकाचक, मग साबणाने धुतलं जातं आणि कड राखाडी पडते. कड तयार झाली की ओल्या कापडाने खसाखसा पुसा, सुकू द्या आणि बाजूने उजेडात बघा. वर आणि कड सारखी चमकली पाहिजे. पैसे त्यानंतर.

सालसेतचो_भाचा
पहिल्यांदाच लिहितोय, इतकी वर्षं नुसता वाचतो. दोन गोष्टी.

डबल पट्टीबद्दल कोणी बोललं नाही. आमच्याकडे पातोळीताईंच्या नवऱ्यासारखंच माझंही "वजन पाहिजे" होतं. काळ्या दगडात सांधा दिसत नाही हे खरं, फिकट दगडात रेघ उठून दिसते. पण सुतार आणि दगडवाला एकमेकांशी बोलले नाहीत. पट्टी पाऊण इंच खाली उतरली आणि वरचा ड्रॉवर पट्टीला अडकायला लागला. चमचे-काट्यांचा ड्रॉवर, रोज लागणारा! शेवटी सुताराने ड्रॉवरचं तोंड वरून तासलं, आता तिथून झुरळांना राजमार्ग आहे. शिवाय सिंकपुढची पट्टी दीड वर्षात सुटून एका रात्री धाडकन लादीवर. मी चोर समजून दांडा घेऊन आलो. नंतर दुसऱ्याने सांगितलं की चिकटवायची बाजू गुळगुळीतच ठेवली होती, खरवडली नव्हती आणि धूळही पुसली नव्हती.

दुसरी गोष्ट जरा गंभीर. आमच्या मेस्त्रीने सगळं कटिंग आणि गोलाई घरातच केली, कोरडी. आठ दिवस खोली पांढरी. तो पोरगा तोंडाला रुमाल बांधून. ती धूळ छातीत बसते आणि परत निघत नाही, सिलिकोसिस म्हणतात. कारखान्यात बनवलेल्या क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये तर नव्वद टक्क्यांपर्यंत सिलिका असू शकते, कामगार आजारी पडले म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. मला तेव्हा माहीत असतं तर नळी धरून मीच पाणी मारत उभा राहिलो असतो.

जांभा_दगड
बरोबर, फक्त एक भर. गॅब्रो-डोलेराइटमध्ये मोकळं क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकाच, फार कमी, तांबूस-करड्या खऱ्या ग्रॅनाइटमध्ये बरंच जास्त. तेव्हा काळ्यात धोका कमी.

सालसेतचो_भाचा
सर, दुकानात काळा कुठल्या जातीचा आहे हे त्या पोराला कोण सांगणार? तो दिवसाला तीन घरं करतो, तीन रंगांची.

जांभा_दगड
मान्य. पाणी मारूनच कापायचं, दगड कुठलाही असो. रुमालाने काही होत नाही.

आबोली_मडगाव
पाणी मारलं तर लाल-काळा चिखल होतो सगळीकडे म्हणून मेस्त्री नको म्हणतात. अंगणात करा ना, तुमचे स्लॅब तसेही माडाखाली आहेत.

भिरंडसाल
आणि पातोळी, तुझ्या सासूबाईंच्या उभ्या पट्टीबद्दल. माझ्या आईकडे आहे, वाळपईला, फक्त सिंकच्या भागाला, अर्ध्या इंचाची. पाणी पोटावर येत नाही हे शंभर टक्के खरं. पण ओटा पुसताना कचरा हातात ओढून घेता येत नाही, पट्टीला अडतो, आणि पोळ्या लाटायला त्या बाजूला जाऊच नये, मनगट टेकतं पट्टीवर. सिंकपुरती ठीक. अख्ख्या ओट्याला नको.

घाटपल्याड
ओट्याचा कोपरा कोणी बोललं नाही. म्हणजे कड नव्हे, एल संपतो तिथला कोपरा. आमच्या मालकांनी ठेवलाय टोकदार, बरोब्बर माझ्या कमरेला. डाव्या बाजूला कायमचा निळा डाग आहे, बायको संशय घेते.

चिरेबंदी
शाबास. तोच कोपरा सगळे विसरतात. वरून बघताना त्याला दोन इंचांची तरी गोलाई द्या, वाटी ठेवून पेन्सिलने रेघ मारायची. लहान मुलाच्या कपाळाच्या उंचीला येतो तो.

पातोळी
सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, मी दोन दिवस नुसती वाचत होते. काल रविवारी काय केलं ते सांगते.

मेस्त्रीला बोलावलं आणि सिंकच्या भोकातून जो दगड निघतो त्यातून हातभर लांबीचे तीन तुकडे कापून घेतले. एकाला सरळ धार मारलेली, एकाला हाफ राउंड, एकाला फुल राउंड. पाणी मारून, अंगणात, नळी नवऱ्याने धरली (भिजला). मग दोन खुर्च्यांवर फळी, फळीवर तुकडे, कड फळीच्या दीड इंच पुढे. सासूबाई स्वतः तांब्या घेऊन बसल्या. खाली मी वर्तमानपत्र पसरलं, कुठे भिजतं ते बघायला.

फुल राउंडवर तांब्या ओतला तर पाणी कसं गेलं माहितीय, अगदी सापासारखं, गोलावरून खाली वळलं आणि दगडाच्या पोटाला धरून फळीपर्यंत! फळीचं तोंड ओलं, वर्तमानपत्र पुढे कोरडं. सासूबाई नुसत्या "अगो बाई" म्हणाल्या. सरळ आणि हाफ राउंड दोन्हींचं पाणी धारेवरून सुटून कागदावर. मग त्यांनी तांब्या कलता धरून थेंब-थेंब सोडलं, म्हणाल्या "भांडी घासताना असं येतं, तांब्याने नाही येत." तेव्हा हाफ राउंडचंही अर्धा बोट आत गेलं. मेस्त्रीने तिथल्या तिथे खालून खाच मारली, परत थेंब सोडले, खाचेपाशी येऊन टपकन पडले. मेस्त्रीच दोन वेळा वाकून बघत होता, म्हणाला इतकी वर्षं काम करतो पण ओतून कधी बघितलं नव्हतं.

ठरलं ते असं. हाफ राउंड, खाली खाच, सिंकपुढे उथळ. सिंकच्या तीन फुटांना सासूबाईंची उभी पट्टी, पण पाव इंचाचीच. कोपरा वाटीने गोल. डबल पट्टी रद्द, ड्रॉवरची गोष्ट नवऱ्याला वाचून दाखवली. माझी सरळ कड गेली, पण हात फिरवून बघितल्यावर मलाच हाफ राउंड आवडला.

आबोली_मडगाव
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. आणि माझ्या ओट्याखाली आता खाच मारता येईल का?

चिरेबंदी
नाही. पण खालून, कडेच्या आत बोटभर, सिलिकॉनची एक बारीक सलग वळी ओढा, जागा आधी स्पिरिटने पुसून. दिसत नाही, पाणी तिथे अडून पडतं. वर्ष-दोन वर्षांनी परत करावं लागेल.

आबोली_मडगाव
करते. प्लायवाल्याचं मात्र चुकलंच होतं थोडं.

रिटायर्ड_मास्तर
पातोळीताई, ते तीन तुकडे फेकू नका. आमच्याकडे चेपणीच्या तोरांची (मिठात दाबलेल्या कैऱ्यांची) बरणी घालायची आहे, वर दाबायला जड, गुळगुळीत फातर शोधतोय. फुल राउंडवाला द्या, तसाही नापास झालाय.

पातोळी
घेऊन जा मास्तर, तुमच्यासाठी बाजूला ठेवते.

मांडवीपल्याड
आधी अॅसिटोनचा कापूस फिरवा हो, नाहीतर तोरं जेट ब्लॅक निघतील.

पातोळी
थांबा, पोरीची बाटली आणते…

कापूस पांढरा!! तुकडाही आणि अंगणातला स्लॅबही.